आंत्रज्वर : प्रतिजैवरोधी वाणांचा प्रसार व मागोवा

साल्मोनेला टायफी या सूक्ष्मजंतूमुळे होणारा आंत्रज्वर (विषमज्वर) हा दूषित अन्न व पाणी यांवाटे पसरणारा सांसर्गिक रोग आहे. टायफॉइड या नावाने तो सर्वत्र परिचित असून जुन्या पिढीत त्याला ‘मुदतीचा ताप’ म्हणत. कारण तीन आठवड्यांची मुदत संपण्याची वाट पाहण्यावाचून दुसरा उपाय नसे. इ. स. १९४८ नंतर प्रतिजैव पदार्थांमुळे ही मुदत काही दिवसांवर आली. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत या सूक्ष्मजंतूने एकामागून एक औषधांना दाद न देण्याची क्षमता कमावली आणि अशी क्षमता असलेले वाण एका देशातून दुसऱ्या देशात, एका खंडातून दुसऱ्या खंडात गेले. या प्रसाराचा व तो कसा ओळखला गेला याचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे. रोगाची लक्षणे व औषधोपचार यांचे तपशील स्वतंत्र नोंदींत आहेत [⟶ आंत्रज्वर, प्रतिजैव पदार्थ].

अन्नातून पसरणाऱ्या इतर बहुतेक साल्मोनेला सूक्ष्मजंतूंचे आश्रयस्थान गुरे, डुकरे, कोंबड्या इ. प्राण्यांचे आतडे हे असते. साल्मोनेला टायफीला मात्र मानवाखेरीज दुसरा आश्रय नाही. त्यामुळे प्रत्येक रुग्णामागे, तो सापडो वा न सापडो, दुसरा मनुष्य असतोच. रुग्णाच्या मलमूत्रातून सूक्ष्मजंतू बाहेर पडतात. रोगातून उठलेल्यांपैकी शेकडा २ ते ५ व्यक्तींच्या पित्ताशयात ते वर्षानुवर्षे टिकून राहतात. अशा व्यक्तींना वाहक म्हणतात. वाहक स्वतः धडधाकट असतो, परंतु त्याने हाताळलेले दूध, बर्फ, चटणी किंवा चिरलेली फळे यांमार्फत रोग इतरांना होतो. पाण्याची वाट याहून मोठी आहे. परभणीसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत उन्हाळ्यात अनेक गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते आणि शहरांतही नळाला काही दिवसांआड पाणी येते. नळ कोरडा असताना जलवाहिनीतील दाब नाहीसा होऊन गळक्या जोडांतून गटाराचे पाणी आत शिरते व पाणी सुटल्यावर पहिल्या लोटाबरोबर ते घरोघर पोहोचते.

रोगाचा परिपाककाल साधारणपणे एक ते दोन आठवड्यांचा असतो. एवढ्या अवधीत परभणीचा मनुष्य रेल्वेने मुंबईला आणि मुंबईचा मनुष्य विमानाने लंडनला पोहोचून कामालाही लागलेला असतो. ताप चढतो तेव्हा ज्या पाण्यामुळे किंवा घासामुळे तो आला, ते शेकडो कोस मागे राहिलेले असते. रोगाच्या उगमाचा शोध घेण्यातील मूळ अडचण ही आहे.

ओळखीची पहिली साधने : रोगकारक सूक्ष्मजंतू कार्ल एबेर्ट यांनी १८८० मध्ये पाहिला आणि गेओर्ख गाफ्की यांनी १८८४ मध्ये त्याचे शुद्ध संवर्धन केले. फेर्नां व्हिदाल यांनी १८९६ मध्ये रुग्णाच्या रक्तद्रवाची कसोटी सुचविली; ती विडाल कसोटी या नावाने भारतात आजही प्रचलित आहे. या साधनांनी रोग ओळखता येई, परंतु एका रुग्णातील सूक्ष्मजंतू दुसऱ्या रुग्णातील सूक्ष्मजंतूचा आप्त आहे की नाही हे सांगता येत नसे. ती सोय जेम्स क्रेगी व सी. एच. येन यांनी टोराँटो येथे १९३८ मध्ये केली. सूक्ष्मजंतूंवर वाढणारे काही व्हायरस, म्हणजे सूक्ष्मजंतुभक्षी व्हायरस, टायफीच्या ठराविक वाणांचाच नाश करतात, इतरांचा करीत नाहीत. अशा व्हायरसांचा संच वापरून त्यांनी टायफीचे प्रकार पाडले. पुढे हे काम लंडनमधील कोलिंडेल येथील संदर्भ प्रयोगशाळेत आर्थर फेलिक्स व ई. एस. अँडरसन यांनी वाढविले. या प्रयोगशाळेला आंतरराष्ट्रीय केंद्राचे स्थान प्राप्त झाले व देशोदेशींचे वाण तिच्याकडे जाऊ लागले. भारतात हे काम नवी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयातील केंद्रात होत आले असून हिमाचल प्रदेशातील कसौली व जनावरांच्या वाणांसाठी इझतनगर येथेही राष्ट्रीय केंद्रे स्थापन झाली. भारतात सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराला ‘ई१’ ही संज्ञा आहे.

या पद्धतीचे सामर्थ्य स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरातील १९६४ च्या साथीत दिसून आले. मे-जून महिन्यांत तेथे सु. ५०० व्यक्तींना आंत्रज्वर झाला. रुग्णांतील वाण प्रकार ३४ चा होता. हा प्रकार ब्रिटनमध्ये सहसा न आढळणारा, पण दक्षिण अमेरिकेत परिचित असा होता. रुग्णांनी खाल्लेल्या अन्नाची चौकशी करता शहरातील एका मोठ्या दुकानात कापून विकलेल्या डबाबंद गोमांसापर्यंत माग लागला. डबे अर्जेंटिनातील रोझारिओ येथील कारखान्यातून आले होते. तापवून निर्जंतुक केलेले डबे गार करण्यासाठी कारखान्यात पाराना नदीचे क्लोरीनविरहित पाणी वापरीत. शहराचे सांडपाणीही त्याच नदीत पडे. डब्याच्या सांध्यातील बारीकशा छिद्रातून ते पाणी आत शिरले होते. दुकानातील मांस कापण्याच्या यंत्रामार्फत ते दूषण इतर मांसातही उतरले. एका खंडातील नदीचे पाणी दुसऱ्या खंडातील जेवणाच्या ताटात कसे पोहोचते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते. हा वाण सुदैवाने औषधाला दाद देणारा होता.

औषधाचा उदय : ते औषध क्लोरँफिनिकॉल होय. व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसीज वर्गातील एका सूक्ष्मजीवापासून ते १९४७ मध्ये मिळविण्यात आले. झुडपी टायफस या वेगळ्या रोगावर त्याची परीक्षा घेण्यासाठी अमेरिकन वैद्यांचे एक पथक १९४८ मध्ये मलायातील क्वालालुंपूर येथे गेले होते. टायफस समजून औषध दिलेल्या एका रुग्णाला प्रत्यक्षात आंत्रज्वर होता व तो झपाट्याने बरा झाला. त्यावरून थीओडोर वुडवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंत्रज्वराच्या दहा रुग्णांना मुद्दाम ते औषध दिले. तीन-चार दिवसांत त्यांचा ताप उतरला. पूर्वी शंभरातील दहा ते वीस रुग्ण दगावत. ते प्रमाण एक-दोनवर आले. भारतात पेनिसिलिनाचे उत्पादन पुण्याजवळच्या पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या शासकीय कारखान्यात १९५५ मध्ये सुरू झाले आणि त्या दशकात प्रतिजैव पदार्थ शहरांतून तालुक्यांच्या गावापर्यंत पोहोचले. क्लोरँफिनिकॉलाच्या कुपीने घराघरांतील मुदतीच्या तापाची धास्ती कमी केली, हे खरे. पण ज्या पाण्यातून रोग येत होता त्याची निकड त्यामुळे मागे पडली, हेही तितकेच खरे आहे.

प्रतिरोधाची पहिली लाट : क्लोरँफिनिकॉलाला न जुमानणारा तुरळक वाण १९५० मध्येच ब्रिटनमध्ये आढळला होता. साथीच्या स्वरूपात असा वाण १९७२ मध्ये पुढे आला आणि तोही एकाच वर्षात पृथ्वीच्या दोन टोकांना. मेक्सिकोत त्या वर्षी दहा हजारांहून अधिक लोकांना आंत्रज्वर झाला. वाण क्लोरँफिनिकॉल, स्ट्रेप्टोमायसीन, सल्फा औषधे व टेट्रासायक्लीन यांना रोधी होता. त्याच वर्षी केरळातील कालिकत (कोळिकोड) येथे क्लोरँफिनिकॉलरोधी वाणाची साथ आली. तेथील सी. के. जे. पणिक्कर व के. एन. विमला यांनी हा प्रतिरोध एका सूक्ष्मजंतूकडून दुसऱ्याकडे संक्रमित होऊ शकतो, असे दाखवून दिले.

संक्रमित होणाऱ्या प्रतिरोधाचा शोध याआधी जपानात आमांशाच्या सूक्ष्मजंतूंवर १९५९ मध्ये लागला होता. सूक्ष्मजंतूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्या कोशिकेत डीएनएची लहान वर्तुळे असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. प्रतिरोधाची जीने या वर्तुळांवर असली की, दोन सूक्ष्मजंतूंच्या संपर्कातून वर्तुळाची प्रत एकातून दुसऱ्यात जाते आणि चार-पाच औषधांचा प्रतिरोध एका झटक्यात मिळतो. टायफीतील हे प्लाझ्मिड ज्या गटातील आहे, त्या गटाचे एक वैशिष्ट्य मनन करण्याजोगे आहे. त्याचे संक्रमण मानवी शरीराच्या ३७° से. तापमानात फारसे होत नाही. २२° ते ३०° से. तापमानात ते सर्वांत चांगले होते. हे तापमान आतड्याचे नसून गटाराचे, ओढ्याचे व नदीकाठच्या चिखलाचे आहे. तेव्हा असा देवघेवीचा व्यवहार उघड्या सांडपाण्यात घडत असावा असे मानण्यास जागा आहे आणि दख्खनच्या हवेत त्याला अनुकूल तापमान वर्षातील बहुतेक महिने लाभते.

कालिकतची साथ ओसरली आणि त्या वाणांचे प्रमाण काही वर्षांत घटले. मेक्सिकोतही तसेच घडले. त्यामुळे क्लोरँफिनिकॉल पुढेही पंधरा वर्षे बिनदिक्कत वापरले गेले.

जनावरांचा मार्ग : आंत्रज्वराचा सूक्ष्मजंतू जनावरांत राहत नसला, तरी ज्या प्लाझ्मिडांमुळे तो रोधी होतो त्यांचे भांडार तेथेही असते. म्हणून साल्मोनेलाच्या इतर जातींकडे पाहणे आवश्यक ठरते. ब्रिटनमधील वासरांत १९६०–७० या दशकाच्या मध्यास साल्मोनेला टायफीम्यूरियमचा प्रकार २९ पसरला. प्रतिजैव पदार्थांच्या सढळ वापरामुळे तो अनेक औषधांना रोधी झाला होता व मांसामार्फत माणसांपर्यंत आला. अँडरसन यांनी या धोक्याचा पाठपुरावा केल्यानंतर नेमण्यात आलेल्या स्वान समितीने, मानवी उपचारातील प्रतिजैव पदार्थ जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात मिसळू नयेत, अशी शिफारस १९६९ मध्ये केली. भारतात अशी पावले फार उशिरा पडली. कोलिस्टीन हे शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध. त्याला रोधी करणारे व प्लाझ्मिडावरून फिरणारे जीन चीनमधील डुकरांत व मांसात आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी साठवणीतील जुने वाण तपासताच ते अनेक खंडांत अगोदरच पोहोचल्याचे दिसले. भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत व कोंबड्यांत कोलिस्टिनाच्या वापरास २०१९ च्या जुलैमध्ये बंदी घातली. परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थांचे या विषयाशी असलेले नाते येथे स्पष्ट होते. हे महाविद्यालय पूर्वी मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे होते व २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे पुढे गेले. दूध, मांस व अंडी यांतील सूक्ष्मजंतूंची तपासणी हा अशा महाविद्यालयातील पशुजन्य सार्वजनिक आरोग्य या विषयाचा भाग असतो.

बहुरोधी वाणांचा प्रसार : भारतीय उपखंडात १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आंत्रज्वराचे चित्र पालटले. क्लोरँफिनिकॉल, ॲम्पिसिलीन व को-ट्रायमोक्साझोल या तिन्ही नेहमीच्या औषधांना एकाच वेळी रोधी असलेले वाण भारतातील मोठ्या शहरांत व पाकिस्तानात आढळू लागले. १९९० च्या सुमारास मुंबई व पुणे येथील बालरोगतज्ज्ञांसमोर, नेहमीची औषधे देऊनही ताप न उतरणारी मुले मोठ्या संख्येने येऊ लागली. सिप्रोफ्लॉक्सॅसीन हे नवे औषध तेव्हा वाढीच्या वयात सांध्यांना अपायकारक ठरेल या भीतीने मुलांना देत नसत. परंतु दुसरा मार्ग उरला नव्हता. पुण्यातील बालरोगतज्ज्ञांचा या औषधाविषयीचा अनुभव १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये भारत व पाकिस्तानातून परतलेल्या प्रवाशांत हेच वाण सापडले. कोलिंडेलच्या प्रयोगशाळेने ते मुख्यतः ई१ व एम१ या प्रकारांचे असल्याचे कळविले. एम१ हा प्रकार पाकिस्तानशी व ई१ हा भारताशी निगडित होता. तथापि ई१ हा प्रकार भारतात इतका सर्वसामान्य आहे की, त्यावरून ‘भारतातून आला’ यापलीकडे काही सांगता येत नसे. तो मुंबईचा की मद्रासचा, जुना की नवा, या प्रश्नांना व्हायरसांच्या संचाकडे उत्तर नव्हते.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनाचा विजयही अल्पकाळ टिकला. या औषधाचा प्रतिरोध प्लाझ्मिडाची वाट पाहत नाही. ज्या एंझाइमावर औषध आघात करते, त्याच्या जीनात एका ठिकाणी बदल झाला तरी औषधाचा प्रभाव कमी होतो. गोळ्या स्वस्त झाल्या, औषधाच्या दुकानांत सहज मिळू लागल्या आणि कोणत्याही तापावर, पुष्कळदा अर्धवट मात्रेत, घेतल्या जाऊ लागल्या. ताजिकिस्तानात १९९६–९८ या काळात हजारो लोकांना झालेल्या आंत्रज्वराच्या साथीत वाण बहुरोधी तर होताच, शिवाय त्यावर सिप्रोफ्लॉक्सॅसिनाचाही प्रभाव कमी झाला होता. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतातील बहुसंख्य वाण या औषधाला पूर्वीसारखे दाद देईनासे झाले. वैद्य सेफ्ट्रियाक्झोन व ॲझिथ्रोमायसीन यांकडे वळले. याच काळात एक अनपेक्षित गोष्ट घडली. क्लोरँफिनिकॉलाचा वापर थांबल्यामुळे त्याला रोधी असणारे वाण भारतात हळूहळू मागे पडले व हे जुने औषध प्रयोगशाळेत पुन्हा गुणकारी दिसू लागले.

जीनसंचाचा पुरावा : सूक्ष्मजंतूच्या संपूर्ण डीएनएचा क्रम अल्प खर्चात वाचता येऊ लागल्यावर मागोवा घेण्याच्या पद्धतीत क्रांती झाली. पिढ्यान्‌पिढ्या डीएनएत साचणारे बारीक बदल मोजून दोन वाणांचा समान पूर्वज किती वर्षांपूर्वी होऊन गेला याचा अंदाज करता येतो. म्हणजे वंशवृक्षाबरोबर कालगणनाही मिळते. पटकीच्या बाबतीत १५४ वाणांच्या अशा अभ्यासावरून २०११ मध्ये असे दाखविण्यात आले की, १९६१ मध्ये सुरू झालेली सातवी जागतिक साथ बंगालच्या उपसागराच्या परिसरातून तीन लाटांत पसरली आणि प्रतिरोधाची जीने वाहणारा एक डीएनएखंड नंतरच्या लाटांबरोबर गेला [⟶ पटकी].

आंत्रज्वरावरील असा मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६३ देशांतील १,८३२ वाण तपासले होते. त्यांतील सु. ४७ टक्के वाण एच-५८ या एकाच वंशाचे निघाले. हा वंश १९८० नंतरच्या दशकात दक्षिण आशियात उदयास आला, आग्नेय आशियात व आफ्रिकेच्या पूर्व व दक्षिण भागांत गेला आणि जेथे गेला तेथे त्याने जुन्या, औषधाला दाद देणाऱ्या वंशांना बाजूला सारले. मलावीतील ब्लँटायर शहरात २०११ नंतर उद्भवलेली मोठी साथ याच वंशाच्या बहुरोधी वाणाची होती. या वंशाच्या काही शाखांत प्रतिरोधाची जीने प्लाझ्मिडावरून उठून मुख्य गुणसूत्रात बसल्याचे दिसले. प्लाझ्मिड गळून पडू शकते; गुणसूत्रातील जीने सहसा गळत नाहीत. १९९० मध्ये मुंबई-पुण्यात जे दिसले, ते या जागतिक प्रसाराचे आरंभीचे दर्शन होते, हे असे पंचवीस वर्षांनी उमगले. भारत, बांगला देश, नेपाळ व पाकिस्तान येथील नवे वाण धरून सात हजारांहून अधिक जीनसंचांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९९० पासून रोधी वाणांनी देशांच्या सीमा किमान १९७ वेळा ओलांडल्या. यांतील बरेचसे प्रवास दक्षिण आशियातील शेजारी देशांमध्येच झालेले होते.

दोन हैदराबाद : सिंध प्रांतातील हैदराबाद येथे २०१६ च्या नोव्हेंबरात जी साथ सुरू झाली, तिचा वाण जुनी तिन्ही औषधे, सिप्रोफ्लॉक्सॅसीन व सेफ्ट्रियाक्झोन या सर्वांना रोधी होता. तोंडाने घेण्याजोगे ॲझिथ्रोमायसीन तेवढे उरले. जीनसंच वाचल्यावर उलगडा झाला की, एच-५८ वंशाच्या बहुरोधी वाणाने आणखी एक प्लाझ्मिड मिळविले होते आणि तशी प्लाझ्मिडे आतड्यातील इतर सूक्ष्मजंतूंत आढळतात. डिसेंबर २०१८ पर्यंत सिंधमध्ये अशा ५,२७४ रुग्णांची नोंद झाली. पाकिस्तानातून गेलेल्या प्रवाशांत तो वाण ब्रिटन व अमेरिकेतही सापडला. औषधे संपत आल्यामुळे प्रतिबंधाकडे लक्ष वळले. यावेळी उपयोगी पडलेली संयुग्मित लस दख्खनमधील हैदराबादेत तयार होते. परभणी जिल्हा ज्या संस्थानात १९४८ पर्यंत होता, त्याची ही राजधानी. या लसीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि पाकिस्तानने ती २०१९ मध्ये सिंधमधील नित्य लसीकरणात समाविष्ट केली. दोन देशांतील व्यवहार जवळजवळ बंद असतानाही एका हैदराबादची लस दुसऱ्या हैदराबादच्या मुलांना मिळाली.

महाराष्ट्रात या लसीचा सामुदायिक वापर प्रथम नवी मुंबईत झाला. तेथील महानगरपालिकेने २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या १,१३,४२० मुलांना लस टोचली. २२ नागरी आरोग्य केंद्रांपैकी निम्म्यांच्या क्षेत्रांत लस आधी व उरलेल्यांत नंतर, अशी योजना केल्यामुळे दोहोंची तुलना करता आली. लस दिलेल्या वस्त्यांत प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या आंत्रज्वराचे प्रमाण निम्म्याहून कमी झाल्याचे आढळले. शेजारच्या मुंबईत परिस्थिती चिंताजनक होती. सेफ्ट्रियाक्झोनाच्या गटातील औषधांना रोधी असलेले टायफीचे वाण तेथे टिकून असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते सिंधमधून आलेले नव्हते. एच-५८ च्या भारतीय शाखेने निराळेच प्लाझ्मिड उचलून तीच क्षमता स्वतंत्रपणे मिळविली होती. जीनसंचाचे वाचन नसते, तर ‘पाकिस्तानातील वाण मुंबईत आला’ असा निष्कर्ष सहज काढला गेला असता.

नावाचा वाद : उगमस्थानाच्या उल्लेखाने राष्ट्रीय भावना दुखावतात, याचा अनुभव वेगळ्या संदर्भात आलेला आहे. भारतीय वंशाच्या एका स्वीडिश रुग्णाच्या शरीरातील सूक्ष्मजंतूत आढळलेल्या, जवळजवळ सर्व पेनिसिलीनवर्गीय औषधे निष्प्रभ करणाऱ्या एंझाइमाला, रुग्ण आधी नवी दिल्लीत उपचार घेत होता म्हणून, त्या शहराचे नाव देण्यात आले. लॅन्सेट प्रकाशनसमूहाच्या नियतकालिकात २०१० मध्ये त्याच्या प्रसाराविषयी लेख आल्यावर भारतात त्याचा तीव्र निषेध झाला. हा वैद्यकीय पर्यटनावरील हल्ला आहे असेही म्हटले गेले. लॅन्सेटच्या संपादकांनी नावाबद्दल पुढे दिलगिरी व्यक्त केली. नावाविषयीची तक्रार रास्त होती. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील तज्ज्ञांनी भारतीय वैद्यकीय नियतकालिकातच आपल्या २४ रोधी वाणांपैकी २२ मध्ये हे एंझाइम असल्याचे नमूद केले होते, ही गोष्ट वादाच्या गदारोळात मागे पडली. पुढील वर्षी दिल्लीतील नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ व साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत त्याचे जीन आढळले. ते धारण करणाऱ्या सूक्ष्मजंतूंत पटकीचा व आमांशाचा सूक्ष्मजंतूही होता.

मागोव्याच्या मर्यादा : प्रसाराचा नकाशा वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. ज्या ठिकाणी रक्ताचे संवर्धन होते व वाण जतन केले जातात, तीच ठिकाणे नकाशावर उमटतात. ब्रिटनमधील प्रवाशाचा वाण नोंदला जातो. ज्या गावी त्याला रोग जडला त्या गावचे शेकडो रुग्ण नोंदीबाहेर राहतात. भारतातील जिल्ह्यांच्या ठिकाणी व तालुक्यांत आंत्रज्वराचे निदान आजही बहुधा विडाल कसोटीवर होते. ही कसोटी जुन्या संसर्गामुळे किंवा अन्य कारणांनी खोटा होकार देते आणि तीत सूक्ष्मजंतू हाती येत नसल्याने कोणते औषध चालेल हे मुळीच कळत नाही. संवर्धनासाठी पुरेसे रक्त, उबविण्याची सोय, दोन-तीन दिवसांचा अवधी व प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. एवढे करूनही सु. निम्म्याच रुग्णांत सूक्ष्मजंतू वाढतो. रुग्णाने आधीच प्रतिजैव पदार्थ घेतलेला असल्यास तो वाढण्याची शक्यता आणखी घटते. म्हणजे दुकानातून विकत घेतलेल्या ज्या गोळ्यांमुळे प्रतिरोध वाढीस लागतो, त्याच गोळ्या त्याचा पुरावाही पुसून टाकतात. सेफ्ट्रियाक्झोनाच्या गटातील व इतर काही प्रतिजैव पदार्थांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे दुकानदारांवर बंधनकारक करणारा ‘एच१’ अनुसूचीचा नियम १ मार्च २०१४ पासून लागू झाला. अशी नोंद मागोव्यालाही साहाय्यक ठरू शकते, पण ती किती काटेकोरपणे ठेवली जाते यावर सारे अवलंबून आहे.

भारतातील आंत्रज्वराची व्यापक पाहणी २०१७–२० या काळात झाली. तिच्यात दिल्ली, कोलकाता व वेल्लोर या शहरांतील वस्त्यांबरोबर पुणे जिल्ह्यातील वढू हा ग्रामीण परिसर होता. वेल्लोरमध्ये दर लाख बालवर्षांमागे १,१७३ इतके रुग्ण आढळले, तर वढू परिसरात केवळ ३५. ग्रामीण भागात रोग विरळ असतो, असे या आकड्यावरून म्हणण्याचा मोह होतो. पण वढू हा पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यालगतचा, संशोधन संस्थेच्या देखरेखीखालील भाग आहे. तेथील आकडा पाथरी, सोनपेठ किंवा जिंतूर तालुक्यांना लावणे धाडसाचे होईल. याच पाहणीत रुग्णालयांचा जो दुसरा गट होता, त्यात नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाडा येथील रुग्णालयाचा समावेश होता. आदिवासी भागातील लहान रुग्णालयातही रक्ताचे संवर्धन करून वाण पाठविता येतात, हे त्यावरून दिसून येते. मराठवाड्यातील एकही ठिकाण या पाहणीत नव्हते. परभणी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत जिल्ह्याला सर्वांत जवळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये नांदेड व अंबाजोगाई येथे होती. वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग येतो, तर पशुवैद्यक महाविद्यालय त्याच शहरात पूर्वीपासून आहे. माणसांतील व जनावरांतील वाण शेजारी ठेवून तपासता येतील अशी ठिकाणे महाराष्ट्रात मोजकीच असून, परभणी त्यांपैकी एक आहे.